रोवेनाची सुई, हार्लनचे हातवारे

कॉपर वॉशच्या माळावर नवा ट्रेलर येताना दिसला की सगळा कॅम्प हातातली कामं टाकून घडीच्या खुर्च्या बाहेर काढायचा. कुणी कॉफीचा मग घेऊन यायचं, कुणी विणकाम. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळाभर मुक्काम ठोकलेल्या मंडळींना करमणुकीची तशी वानवाच होती, आणि नवरा-बायकोने मिळून ट्रेलर उलटा घेत जागेवर लावणं यापेक्षा चांगला तमाशा फुकटात कुठे मिळणार?

नवरा पिकअपच्या स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हात हलवतेय, आणि मधे तीस फूट लांब घर, जे उजवीकडे वळवायला गेलं की डावीकडे जातं. तीस-चाळीस वर्षांचे संसार त्या दहा मिनिटांत उघडे पडायचे. “डावीकडे घे” म्हटलं की “तुझी डावी की माझी?” आणि तिथून गाडी घसरायची ती थेट सासूपर्यंत. मागच्या हिवाळ्यात एका बाईने पर्स उचलली आणि ती हायवेच्या दिशेने चालायला लागली. तिचा नवरा तासाभराने तिला समजूत काढून घेऊन आला. बघणाऱ्यांचेही काही कायदे होते. गाडी लागेपर्यंत कुणी हसायचं नाही, कुणी शहाणपण शिकवायचं नाही, आणि लागली की लगेच केकचा तुकडा घेऊन ओळख करून घ्यायची.

रोवेना प्रुइट या कलेत साऱ्या माळावर पहिली. ती आणि हार्लन आले त्या दिवशी बघायला बसलेल्यांची घोर निराशा झाली होती, कारण भांडण नाही, आरडाओरडा नाही, काहीच नाही. रोवेना तोंड म्हणून उघडायची नाही. कॅन्ससच्या एका लहानशा गावात तिने उभा जन्म बायकांचे केस कापले होते, आणि तिचं म्हणणं असं, की आरशासमोर बसलेल्या माणसाशी हातानेच बोलावं, तोंडाने बोललं की गोंधळ होतो. बोटं आत वळवली की ये, तळहात खाली दाबला की सावकाश, मूठ मिटली की थांब. आणि एकच नियम, लग्नाच्या शपथेपेक्षा कडक: मी आरशात दिसेनाशी झाले की ब्रेक मारायचा. मी कुठे गेले, जिवंत आहे का, हे सगळं नंतर.

हार्लन तो नियम पाळायचा. दरवाजाएवढा आडवा माणूस, जन्मभर धान्याच्या उंच कोठारांवर काम केलेला, गप्पांना कधी ब्रेक नाही, पण ट्रेलर मागे घेताना बायकोच्या बोटाबाहेर नसायचा.

आणि रोवेना सुईच्या बाबतीत त्याच्या बोटाबाहेर नसायची. त्यांची वाटणीच तशी होती.

चार वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. पहिलं वर्ष तिने विचिटातल्या डायलिसिस सेंटरच्या खुर्चीत काढलं. आठवड्यातून तीनदा, डोक्यावर टीव्ही, त्यावर भलत्याच कुणाच्या तरी आवडीचा कार्यक्रम. घरी येऊन आडवी व्हायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठायची. मग कुणीतरी सांगितलं की हे घरीही करता येतं, फक्त नवऱ्याला शिकावं लागेल. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी हार्लनने रबराच्या खोट्या हातात सुई जाताना पाहिली आणि तो धाडकन आडवा झाला. नर्स कॉन्सुएलोने आधी त्याला शुद्धीवर आणलं, मग शिकवलं. शिकला मात्र असा, की आता कॅम्पमध्ये कुणालाही धरून सांगायचा, “माझ्या हाताची सुई तिला कळतसुद्धा नाही.” कळायची, पण रोवेना ते बोलायची नाही.

सुई घालता येते म्हटल्यावर घर विकायला दोघांनी वेळ लावला नाही. ट्रेलरमध्ये जेवायच्या बाकाच्या जागी मशीन बसलं, सुटकेसपेक्षा थोडं मोठं. पलंगाखाली, कपाटात, पिकअपच्या मागे, सगळीकडे औषधी पाण्याच्या पिशव्यांची खोकी. आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी दोन-तीन तास. वापरलेलं पाणी न्हाणीच्या मोरीत. रस्ता ठरायचा तो नकाशावर नाही, खोक्यांवर: पुढच्या मुक्कामी खोकी आधी पोचली पाहिजेत, मग माणसांनी निघायचं. मशीन चालू असताना खिडक्या बंद, तोंडाला मास्क, आणि दाराबाहेरचा गुलाबी प्लास्टिकचा फ्लेमिंगो पक्षी दाराकडे तोंड करून ठेवलेला. फ्लेमिंगोची पाठ दिसली की सगळा कॅम्प समजायचा, आत्ता दार वाजवायचं नाही. शेजारच्या बर्निसचा मफिन नावाचा कुत्रासुद्धा त्या वेळी तिकडे फिरकायचा नाही, अर्थात त्याचं कारण बर्निसच्या हातातला साखळदंड होता.

सुया मात्र हार्लनच्या. रोवेनाच्या डाव्या हातात डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या जोडून एक जाड शीर तयार केली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरत असल्यासारखं वाटायचं. हार्लन रोज त्या शिरेवरून अंगठा फिरवायचा, म्हणायचा, “इंजिन चालू आहे,” आणि दोन सुया घालायचा. रोवेना छताकडे बघायची. छतावर गळतीचा एक डाग होता, हुबेहूब टेक्सससारखा. तीन वर्षांत तिने स्वतःच्या हातात सुई जाताना एकदाही पाहिली नव्हती. टेक्ससचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता.

या हिवाळ्यात ते समुद्रावर जाणार होते. रोवेनाने चौसष्ट वर्षांत समुद्र पाहिला होता तो फक्त केशकर्तनालयातल्या कॅलेंडरवर. कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या अगदी काठावर एक कॅम्प होता, जागा मिळायची मारामार, आणि त्यांना फेब्रुवारीत मिळाली होती. खोकी पोचलीसुद्धा. तिथल्या व्यवस्थापकाने फोन करून सांगितलं, “बाई, तुमची खोकी माझ्या धोबीघरात बसून समुद्र बघतायत. तुम्ही कधी येताय?” रोवेनाने ते वाक्य भेटेल त्याला सांगितलं.

आणि मग हार्लन छतावरून पडला.

झालं असं, की नाताळच्या दिव्यांची माळ जानेवारी सरत आला तरी ट्रेलरवर लटकत होती. लाल मिरच्यांच्या आकाराचे दिवे. बर्निस येता-जाता टोमणे मारायची, की इस्टरची अंडीही याच मिरच्यांत घालणार वाटतं. एका सकाळी हार्लनचा अभिमान जागा झाला, तो शिडी लावून चढला, माळ काढलीही, आणि उतरताना ती माळच पायात अडकली. वाळूत पडल्या पडल्या त्याने पहिलं विचारलं, दिवे फुटले का. दिवे शाबूत होते. उजवं मनगट नव्हतं.

गावातल्या छोट्या इस्पितळात त्याच्या हाताला अंगठ्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना हलवायचा नाही असं बजावलं. परत येताना पिकअप रोवेना चालवत होती. हार्लन बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प राहिला यावरूनच तिने ओळखलं की दोघांच्याही डोक्यात तेच चाललंय.

“रो,” तो शेवटी म्हणाला, “उद्याची सुई.”

“माहितेय.”

“डाव्या हाताने जमणार नाही मला. डाव्या हाताने मला सूपसुद्धा पिता येत नाही.”

“माहितेय म्हटलं ना.”

मुलीला कळवायलाच हवं होतं. मेरिबेथने रडून घेतलं, मग डोळे पुसून कामाला लागली, आणि दोन तासांत विचिटात सेंटरजवळ तळमजल्याची जागा शोधूनसुद्धा काढली. विमानाने या, ट्रेलर आणायची सोय मी करते, दीड महिना राहा, मग बघू. मुलगी जीव तोडून बोलत होती, तिची काही चूक नव्हती. पण “मग बघू” म्हणजे काय ते रोवेनाला कळत होतं. वसंतात कुणीतरी ट्रेलर बघायला येईल. हार्लन त्याला नळ कसे उघडतात ते दाखवेल. आणि ती पुन्हा त्या खुर्चीत बसेल, डोक्यावर टीव्ही. आजाराची तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती जितकी त्या टीव्हीची वाटली.

कॉन्सुएलोला फोन लावला तेव्हा ती वेगळंच बोलली.

“तुमचा उजवा हात ठीक आहे ना?” तिने विचारलं.

“माझा? माझ्या हाताला काय झालंय?”

“मग सुई तुम्ही घालायची, रोवेना. मी फोनवर समोर असेन, हार्लन शेजारी असतील, मशीन ते डाव्या हाताने सांभाळतील. तीन वेळा माझ्यासमोर नीट घाला, मग तुम्ही चंद्रावर गेलात तरी मी अडवणार नाही.”

नाहीच जमलं तर दोन तासांवरच्या शहरातल्या सेंटरमध्ये तिने गुरुवारची खुर्ची राखून ठेवली होती. पण तिथे गुरुवारपुरतीच जागा होती, आणि कॉपर वॉशमधली खोकी आठवडाभराचीच उरली होती. म्हणजे गुरुवारच्या आत जमलं तर समुद्र, नाही तर विचिटा. इतकं सरळ होतं ते.

सोमवारी फ्लेमिंगो दाराकडे वळला. कॉन्सुएलोचा चेहरा फोनमधून बघत होता. रोवेनाने हात धुतले, मास्क लावला, औषधाने कातडी पुसली, सुई उचलली, आणि सवयीने छताकडे बघितलं. टेक्ससने काही मदत केली नाही. खाली बघितलं तर सुई एवढी मोठी होती, की तिला वाटलं, हार्लनने तीन वर्षं हे माझ्यापासून लपवलं होतं.

हार्लन शेजारी बसला होता, आणि हार्लन बोलत होता.

“वर. वर म्हणजे खांद्याकडे नाही गं, वर. आता आडवी कर. एवढी नाही. जरा तिकडे. अगं, तिकडे म्हणजे माझ्याकडे.”

“तुझी वर की माझी वर, हार्लन?”

“वर ती वरच ना. त्यात तुझी-माझी कुठून आली?”

सुई गेली, पण शिरेच्या कडेने गेली. कातडीखाली लगेच निळसर फुगा आला आणि रोवेनाच्या तोंडून असा शब्द बाहेर पडला, जो कॉन्सुएलोने ऐकला नाही असं दाखवलं. सुई काढली, दाबून धरलं, बर्फ लावला. आज पुरे, कॉन्सुएलो म्हणाली, आजची सुट्टी समजा. मीठ बंद, सूप बंद, तहान लागली तर बर्फाचा खडा चोखा, तोही जपून. उद्या त्या जागेच्या वरच्या बाजूला घालू.

फोन बंद झाल्यावर हार्लन म्हणाला, “मी सांगत होतो ते ऐकलं असतंस तर.”

पुढचं सगळं त्यांच्या संसारातलं आहे, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. एवढंच, की थोड्या वेळाने हार्लन बाहेर फ्लेमिंगोच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला दिसला, आणि बर्निसने त्याला न विचारता कॉफी आणून दिली.

आत रोवेना रडली. तिला स्वतःची चीड आली होती. हजारो डोकी या हातांखालून गेली, कुणाच्या कानाला कधी कात्री लागली नाही, आणि स्वतःच्या हातातली शीर, जी बोटाखाली गुरगुरते, ती सापडत नाही म्हणजे काय? मेरिबेथला फोन करून सांगून टाकावं, की बघ ती जागा. तिने फोन उचललासुद्धा.

तेवढ्यात बाहेर खुर्च्या उघडल्याचे आवाज आले. नवा ट्रेलर आला होता.

तिला खरं तर उठायचं नव्हतं. पण बाहेरचा आवाज इतका वाढला की राहवेना. मिनेसोटाची पाटी लावलेला एक लांबलचक ट्रेलर, पुढे घामाघूम झालेला टोपीवाला, मागे एक किडकिडीत बाई, आणि ती बोलत होती. सतत. “थांब, नाही ये, ये ये ये, थांब, अरे थांब, झुडूप, डावीकडे, तशी डावीकडे नाही.” टोपीवाला खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, की मी तुला ऐकू की गाडी चालवू? ट्रेलर एका काटेरी झाडाकडे अगदी मन लावून चालला होता.

कायदा असा होता की कुणी मधे पडायचं नाही. पण रोवेना पायऱ्या उतरली आणि सरळ त्या बाईकडे गेली, जिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. तिचा खांदा थोपटून तिला बाजूला केलं. मग ट्रेलरच्या कोपऱ्याशी, जिथून टोपीवाल्याचा आरसा दिसत होता तिथे, उभी राहिली आणि काही न बोलता थांबली. टोपीवाला आणखी थोडं ओरडला. मग त्याला आरशात कुणी तरी वेगळीच बाई दिसली, आणि तो गप्प झाला. रोवेनाने बोटं आत वळवली. ये. तळहात दाबला. सावकाश. दोन्ही हात एका बाजूला झुकवले, आणि ट्रेलर त्या बाजूला झुकला. मूठ मिटली. चाकं जागेवर होती.

खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. बर्निस केक आणायला गेली. पण रोवेना तिथेच उभी होती, मूठ तशीच वर धरून, आणि स्वतःच्या मुठीकडे बघत होती.

मग ती वळली आणि तरातरा फ्लेमिंगोकडे आली.

“हार्लन, ऊठ.”

“आता मी काय केलं?”

“तू बडबड केलीस. आत चल.”

त्या संध्याकाळी ट्रेलरमध्ये जी शिकवणी झाली ती कुठल्याही सेंटरमध्ये होत नसेल. रोवेनाने कागदी रुमालांचा गुंडाळा टेबलावर ठेवला, हातात पेन घेतलं सुई म्हणून, आणि हार्लनला समोर बसवलं. तिच्या हाताच्या जरा पलीकडे त्याचा डावा हात. म्हणजे शीर आणि त्याची बोटं तिला एकाच नजरेत दिसतील असा. बोलायचं नाही. एक शब्दही नाही.

“आणि मला शिंक आली तर?” हार्लनने विचारलं.

“तर मूठ मिट आणि मग शिंक.”

तो हसला, सकाळपासून पहिल्यांदा. मग त्याने बोटं किती खाली झुकली म्हणजे सुई किती तिरकी, तळहात आडवा झाला म्हणजे सुई कधी आडवी करायची, हे बसवलं. आणि तेव्हा रोवेनाच्या लक्षात आलं, की हा माणूस तिची शीर तिच्यापेक्षा जास्त ओळखतो. कुठे ती वळते, कुठे खोल जाते, कुठे जरा दम धरावा लागतो. तीन वर्षं तो या रस्त्याने रोज जात होता आणि ती टेक्सस बघत होती. तिला एकदम त्याचं फार प्रेम आलं. तिने तसं सांगितलंही. हार्लनने यावर मान डोलावली, कारण त्याला बोलायची परवानगी नव्हती.

“आणि नियम तोच,” ती म्हणाली. “तुझा हात दिसेनासा झाला की मी थांबणार.”

मंगळवारी सकाळी रोवेना थोडी धापा टाकत होती आणि घोटे सुजले होते. आदल्या दिवशीचं पाणी अंगात साठलं होतं. फ्लेमिंगोने पाठ फिरवली. कॉन्सुएलो फोनमधून म्हणाली, की तयार असाल तर सुरू करा, आणि हार्लन असा हात का धरून बसलेत? तिला सांगितलं, की थोडा वेळ काही विचारू नका.

रोवेनाने शिरेवर बोट ठेवलं. मांजर गुरगुरत होतं. तिने सुई टेकवली आणि नजर हार्लनच्या बोटांशी नेली. बोटं खाली झुकली, तिने सुई झुकवली. बोटं आत वळली. ये. कातडीला टोचलं, दुखलं, आणि दुखणं स्वतःच्याच हातचं असलं की ते वेगळं असतं, त्यात भीती निम्मी. ये, अजून ये. तळहात दाबला, सावकाश. हार्लनचा हात दगडासारखा स्थिर होता. कपाळावर मात्र घामाचे थेंब होते. तळहात आडवा झाला. तिने सुई आडवी केली, आत सरकवली.

नळीत लाल रेघ उमटली आणि सरसर पुढे पळाली.

मूठ मिटली. थांब.

मग फोनमधून कॉन्सुएलोचा आवाज आला. “हे मी कुणाला कधी शिकवलेलं नाही. आता दुसरी घाला.”

दुसरीही गेली. मशीन घरघरायला लागलं, रोवेना मागे टेकून बसली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. दोन सुया, दोन नळ्या, आणि त्यातून फिरणारं तिचं रक्त. हार्लनचा मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता.

“बोलू का आता?” त्याने विचारलं.

“बोल बाबा.”

आणि मग मशीन थांबेपर्यंत हार्लन थांबला नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी आपापला पदार्थ आणून एकत्र जेवायचं ठरलं होतं. बर्निसने नेहमीप्रमाणे रोवेनासाठी वेगळी कोबीची कोशिंबीर केली होती, बटाटा-टोमॅटो काही नसलेली, आणि वर बर्फाचे खडे घातलेला पेला. मिनेसोटाची किडकिडीत बाई येऊन रोवेनाचा हात हातात घेऊन म्हणाली, की काल तुम्ही माझा संसार वाचवलात. रोवेना म्हणाली, तुम्ही माझा. त्या बाईला काही कळलं नाही, पण दोघींनी मिठी मारली.

बुधवारी आणि गुरुवारी सुया पुन्हा बसल्या. शहरातली खुर्ची कॉन्सुएलोने दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. मेरिबेथला फोनवर सुई दाखवली तर ती किंचाळली आणि मग खूप हसली. वडिलांवर गेली होती ती.

राहिला एकच प्रश्न. प्लास्टरच्या हाताने ट्रेलर कोण ओढणार? बर्निसने तिच्या भाच्याला बोलवायची तयारी दाखवली. रोवेनाने विचारही केला नाही. पिकअपच्या किल्ल्या तिने स्वतःच्या खिशात टाकल्या.

माळाच्या मोकळ्या बाजूला तिची शिकवणी सुरू झाली, आणि या वेळी सगळा कॅम्प खुर्च्या घेऊन हजर होता. बर्निसने जागा आखायला आपल्या लाल फुलांच्या कुंड्या दिल्या, जो तिच्या आयुष्यातला सर्वात उदार आणि सर्वात मूर्ख निर्णय होता. हार्लन मागे उभा राहून पांढऱ्या प्लास्टरने खुणा करायचा. पहिल्या दिवशी तीन कुंड्या गेल्या. बर्निसने त्यांचे तुकडे गोळा करत जाहीर केलं, की सुईने माणूस मरत नाही हे कळलं, आता गाडीने किती मरतात ते बघायचं. पण हळूहळू रोवेनाला उमगलं, की स्टिअरिंगचा तळ, म्हणजे चाकाची खालची कड, धरायचा. मग ट्रेलरचं शेपूट जिकडे जायला हवं तिकडेच हात न्यायचा, बाकी विसरायचं. आरशात बघायचं, आणि हार्लनच्या हाताशिवाय काही बघायचं नाही.

निघाले तेव्हा कॅम्प रस्त्यापर्यंत आला. मिरच्यांची माळ हार्लनने बर्निसला भेट दिली.

वाटेत एक मुक्काम पेट्रोलपंपामागे झाला, मोठ्या ट्रकांच्या रांगेत. फ्लेमिंगोला ट्रेलरच्या दाराच्या कडीला लटकवलं आणि आत सुया बसल्या. पलीकडच्या ट्रकवाल्याने उतरल्यावर विचारलं, की हा पक्षी फाशी का गेलाय? हार्लनने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो बिचारा तासाभराने निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर उतरताना हार्लन एकदम सीटवर उडाला.

“रो. समुद्र.”

“मी गाडी चालवतेय.”

“अगं, जरा बघ तरी. सगळा समुद्र आहे.”

“हार्लन, मागे घर बांधलंय आणि पुढे उतार आहे. समुद्र कुठे जात नाही. मी गाडी लावल्यावर बघेन.”

तिने खरंच बघितलं नाही. डाव्या हाताला काहीतरी निळं, मोठं, चमकत होतं, तेवढं तिला जाणवत होतं, पण नजर रस्त्यावर. कॅम्पच्या दारात व्यवस्थापक धावत आला, धोबीघर आता मोकळं होणार म्हणून त्याचा चेहरा खुलला होता. त्यांची जागा अगदी काठावरची, शेवटची. ट्रेलर उलटा घेत पाण्याकडे न्यायचा. आणि काय सांगायचं, ट्रेलर दिसल्याबरोबर इकडेही खुर्च्या बाहेर निघाल्या. बायका, म्हातारे, एक बाई तर टॉवेल गुंडाळूनच बसली.

हार्लन उतरून मागे गेला. रोवेनाने स्टिअरिंगचा तळ धरला आणि आरशात बघितलं. आरशात हार्लन होता, उन्हात उभा, पांढरं प्लास्टर वर केलेलं. ये. ती मागे आली. तळहात. सावकाश. शेपूट उजवीकडे गेलं, तिने पुढे घेऊन परत आणलं. बघणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. त्यांचेही कायदे तेच असावेत. ये, अजून ये. आरसा हार्लनने भरून गेला होता. तो आडवाच एवढा, की त्याच्यामागे काही दिसत नव्हतं, आणि ती बघतही नव्हती.

मूठ मिटेल म्हणून ती वाट बघत होती. मूठ मिटली नाही. हार्लनने तिच्याकडे बघितलं, तिच्या आरशातल्या डोळ्यांकडे, आणि मग एक मोठं पाऊल टाकून तो बाजूला झाला. आरशातून गेला.

नियमाने तिने ब्रेक मारला.

जिथे तो उभा होता तिथे आता आरसाभर समुद्र होता.

रोवेना बराच वेळ स्टिअरिंग धरून बसली. नंतर ती उतरली तेव्हा टॉवेलवाली बाई केक घेऊन आली होती आणि हार्लन तिला सुईची गोष्ट सांगायला लागला होता. ट्रेलर जरा वाकडाच लागला होता. रोवेना म्हणाली, राहू दे तसाच, आणि फ्लेमिंगो काढायला आत गेली.